आधी मोरी, मग भिंती

कारखान्यात शिरल्यावर पहिली नजर गेली ती एका मोरीवर. पोलादी सांगाड्यावर ठोकलेली लाकडी जमीन, तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड अंथरलेलं लिनोलियम, आणि त्या उघड्या माळावर एका कोपऱ्यात शॉवरचा पांढरा फायबरचा खोका नि शेजारी कमोड. भिंती नाहीत, छप्पर नाही, दार तर नाहीच. विशीतला एक मुलगा गुडघ्यावर बसून शॉवरच्या तळाशी नळी जोडत होता. थोड्या वेळाने ती सगळी जमीन मोरीसकट आडवी सरकत पुढच्या ठाण्यावर गेली. तिथे स्वयंपाकाचा ओटा आला, पलंगाचा खोका आला, कपाटं आली. भिंती उभ्या राहिल्या त्या यानंतर.

माझी सगळी नोकरी एस.टी.च्या दापोडीच्या कार्यशाळेत बस बांधण्यात गेली. आमच्याकडे चासी यायची ती उघडी-नागडी. पुढे एक खुर्ची ठोकलेली, तिच्यावर तोंडाला फडकं बांधलेला ड्रायव्हर. मग तिच्यावर सांगाडा चढायचा, मग पत्रा, आणि सगळ्यात शेवटी बाकडी. बाहेरचं आधी, आतलं मागाहून. त्यामुळे ही उघड्यावरची मोरी पाहून मी भाच्याला म्हटलं, "अरे, हे उलटं चाललंय." तो हसला. म्हणाला, "मामा, हा शॉवर त्या दारातून आत जाईल का सांगा." मी दार मोजलं. जाणं शक्य नव्हतं.

भाच्याचं हे पुस्तक त्या एका उत्तराचा विस्तार आहे, असं मला वाचताना वाटत राहिलं. तो सोळा वर्षं अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात आहे. त्यातली बरीचशी या फिरत्या घरांना लागणाऱ्या भिंती बनवण्याच्या धंद्यात गेली. हस्तलिखित पाठवताना त्याने लिहिलं होतं, "प्रस्तावना तुम्हीच लिहा, पण कौतुक करू नका." पहिली गोष्ट करतो आहे. दुसरी जमेल तितकी पाळीन.

आरव्ही म्हणजे काय, हे आपल्याकडच्या वाचकाला थोडं सांगायला हवं. झोपायची, शिजवायची आणि आंघोळीची सोय असलेलं कुठलंही चाकांवरचं घर म्हणजे आरव्ही. त्यात इंजिन असलं तर मोटरहोम. नसलं आणि मोटारीच्या मागे आकड्याला अडकवून ओढायचं असलं तर ट्रेलर. पिकअपच्या हौद्यात बसवलेल्या जोडावर टेकणारा मोठा ट्रेलर असेल तर तो फिफ्थ व्हील. सिनेमात दिसतात ती बसएवढी मोटरहोम, पण खपतात ते मुख्यतः ट्रेलर, आणि या पुस्तकाचा भरही त्यांच्यावरच आहे. ते बरंच झालं. इंजिन नसलेल्या गाडीत लपायला जागा नसते. सुतारकाम चांगलं की वाईट, एवढाच प्रश्न उरतो.

उत्तर अमेरिकेत बनणाऱ्या दर दहा आरव्हींपैकी आठाहून जास्त इंडियानातल्या एल्कहार्ट परगण्यात आणि त्याच्या आसपास बनतात, असं तिकडे सर्रास सांगितलं जातं. एल्कहार्ट शिकागोपासून पावणेदोनशे किलोमीटरवर आहे. सेंट जोसेफ आणि एल्कहार्ट या नद्यांचा संगम असलेलं हे गाव तसं लहानच. १८७०च्या दशकापासून तिथे बँडची वाद्यं बनत. सी. जी. कॉन यांच्या कारखान्यातले कॉर्नेट आणि सॅक्सोफोन देशभर गेले. अल्का-सेल्टझरची गोळी याच गावची. १९३०च्या दशकात इथे ट्रेलर बांधणारे उभे राहिले, युद्धानंतर ते वाढले, आणि एकाच्या कारखान्यात शिकलेल्या फोरमनने शेजारी आपला कारखाना काढायचा ही रीतच पडली. जेको या कंपनीची सुरुवात १९६८ साली लॉइड बॉनट्रेगर यांच्या मिडलबरीजवळच्या शेतावर, कोंबड्यांची दोन खुराडी आणि एक कोठार एवढ्या जागेत झाली. आज तीही थॉर या मोठ्या समूहात आहे. थॉर, बर्कशायर हॅथवेने २००५ साली विकत घेतलेली फॉरेस्ट रिव्हर आणि विनेबागो, या तिघांकडे धंद्याचा मोठा हिस्सा आहे.

खुराड्यात कारखाना निघू शकतो, यातच या धंद्याचं मर्म आहे. मोटार बनवायची तर प्रेस, साचे, यंत्रमानव आणि कोट्यवधींचं भांडवल लागतं. ट्रेलरला शेड, स्क्रूगन, स्टेपलगन, करवत आणि माणसं लागतात. बाकी सगळं अर्ध्या तासाच्या अंतरावरून येतं. सांगाडा एकाकडून, आस दुसऱ्याकडून, खिडक्या तिसऱ्याकडून, गाद्या चौथ्याकडून. सकाळी फोन केला तर दुपारी नळाच्या तोट्या दारात. यामुळेच कितीही मंदी आली तरी हा धंदा एल्कहार्ट सोडून जात नाही. आणि जास्तीचा माल विकणारी दुकानंही तिथेच. एका दुकानात मी कपाटांची शेकडो दारं ओळीने लावलेली पाहिली. मॉडेल बंद पडली आणि दारं उरली.

आता बांधणीकडे वळतो. भाच्याची तीन प्रकरणं मिळून जेवढी माहिती देतात तेवढी मला इथे देता येणार नाही, पण दोन-चार जागा डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

सांगाडा पुष्कळ ठिकाणी उलटा ठेवून सुरुवात होते. आस, चाकं, ब्रेकच्या तारा हे सगळं वरून, उभ्याने जोडता येतं. आमच्याकडे गाडीखाली खड्ड्यात उतरून डोळ्यांत माती घेत जे काम चालायचं, ते इथे ओट्यावर भाजी चिरावी तसं. मग यारीने सांगाडा सुलटा करतात. जमिनीच्या पोटात तीन टाक्या बसतात. एक पिण्याच्या पाण्याची, एक मोरी-ओट्याच्या सांडपाण्याची आणि एक संडासाची. तिकडची भाषा रोखठोक आहे, दुसरीला करडी आणि तिसरीला काळी टाकी म्हणतात. गरम पाण्याची नळी लाल, गारची निळी. प्लास्टिकची नळी कातरीने कापतात, कडी चिमट्याने दाबतात, झाला सांधा. आटे पाडणं नाही, सुताचा धागा गुंडाळणं नाही. आमच्या प्लंबरने हे पाहिलं असतं तर रडला असता, किंवा नोकरी मागितली असती.

भिंतींचे दोन पंथ आहेत. जुना पंथ लाकडी पट्ट्यांच्या चौकटीचा. आतल्या बाजूला पातळ प्लाय, पोकळीत काचलोकर, बाहेरून पन्हाळीचा ॲल्युमिनियम पत्रा. कारागीर त्याला 'काठ्या आणि पत्रा' असं म्हणतात. या पद्धतीत भिंत उभी केल्यावर तिची पाठ काही वेळ उघडी असते. त्या तेवढ्या वेळात एक माणूस बाहेरच्या बाजूने फिरतो आणि भिंतीतून कपाटांच्या पाठीत, ओट्याच्या कडेत, पलंगाच्या फळीत स्क्रू मारत जातो. नंतर काचलोकर, नंतर पत्रा. घरमालकाला कपाट आतून कुठेच स्क्रू न दिसता भिंतीला चिकटलेलं दिसतं. म्हणून फर्निचर आधी आणि भिंत नंतर. मोरी दारातून जात नाही हे अर्धंच कारण होतं. उरलेलं अर्धं हे. अर्थात दहा वर्षांनी कपाट काढायची वेळ आली तर काय, हा प्रश्न त्या स्क्रूवाल्याला पडत नाही.

दुसरा पंथ सँडविचचा. मोठ्या टेबलावर ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळ्यांची वेल्डिंग केलेली चौकट. तिच्या पोकळ्यांत थर्माकोलचे जाड ठोकळे कापून बसवतात. वर-खाली पातळ प्लाय आणि बाहेरच्या अंगाला फायबरग्लासचा गुळगुळीत, चकचकीत पत्रा. मधे सगळीकडे गोंद. मग ही थप्पी निर्वात पिशवीखाली दाबून ठेवतात किंवा रुळांतून काढतात. बाहेर येते ती तीस फूट लांब, दीड-दोन इंच जाड, एकसंध भिंत. तिच्यात खिडकी नसते. राउटर घेतलेला माणूस आखलेल्या जागी घुसतो, भुकटी उडते आणि खिडकीएवढा तुकडा टेबलावर पडतो. प्रत्येक भिंतीमागे असे तीन-चार तुकडे. दुपारपर्यंत त्यांचा ढीग लागतो.

भाचा या दुसऱ्या पंथाचा. साहजिक आहे, त्याची भाकरी त्यावर. त्याचं प्रकरण वाचताना वाचकाने एवढं लक्षात ठेवावं की गोंदाच्या भिंतीचा शत्रू पाणी. खिडकीच्या कडेला केसाएवढी फट राहिली की पाणी आतल्या प्लायला लागतं, प्लाय फुगतो, फायबर सुटतं आणि उन्हात भिंतीवर फोड दिसू लागतात. अलीकडे काहींनी प्लायच्या जागी न कुजणारे प्लास्टिक-काचेचे पत्रे वापरायला सुरुवात केली आहे. तो खर्च स्वस्त मॉडेलना परवडत नाही.

छप्पर जमिनीवर वेगळं बांधतात. लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या कैच्या, त्यांवर फळ्या, त्यांवर रबरासारखी पांढरी अखंड चादर. यारीने उचलून ते भिंतींवर ठेवतात. तो क्षण बघण्यासारखा असतो. आठ-दहा माणसं चारी बाजूंनी हात वर करून उभी, आणि मघापर्यंत उघड्यावर असलेली मोरी एकाएकी अंधारी खोली होते. मग छपरावरच्या प्रत्येक भोकाभोवती, म्हणजे पंखा, हवा जायची नळी, अँटेना, दिवा, दाट पांढरं सीलंट ओततात. ते पसरून आपोआप सपाट होतं.

गळती शोधायची त्यांची एक युक्ती मला फार आवडली. पंखा लावून गाडीत हवा भरतात आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी फवारतात. जिथे बुडबुडा, तिथे फट. आपल्याकडचा पंक्चरवाला ट्यूब पाण्याच्या घमेल्यात फिरवतो, त्याचं हे तीस फुटी रूप. पण ही परीक्षा प्रत्येक कारखाना करतो असं नाही, आणि करणाराही दरेक गाडीची करेल असं नाही.

इथे मी भाच्याशी भांडणार आहे.

या कारखान्यांत मजुरी बहुतेक ठिकाणी नगावर. आपल्याकडे उक्तं काम म्हणतात तसं. लाइनवरून जितके ट्रेलर बाहेर पडतील तितके पैसे टोळीत वाटले जातात. दिवसाचा आकडा ठरलेला, तो पुरा झाला की घरी. पाळी पहाटे पाच-सहाला सुरू होते आणि दुपारी एक-दोनपर्यंत पार्किंग रिकामं होऊ लागतं. भाचा लिहितो की यामुळे माणसं मन लावून काम करतात, कमाई चांगली होते, दुपार शेताला आणि मुलांना मिळते. खरं आहे. पण त्या लाइनवर चालताना मला माणसं धावताना दिसली. स्क्रूगनचा आवाज थांबतच नव्हता. अशा घाईत एक स्क्रू वाकडा गेला तर तो काढून परत मारायला जे दहा सेकंद लागतात, ते टोळीच्या खिशातून जातात. दापोडीत आमचा पगार महिन्यावर होता. आम्ही संथ होतो, चहाही फार प्यायचो, हे मी कबूल करतो. पण वाकडा रिव्हेट आम्ही ड्रिलने काढायचो.

याचा प्रसाद मला तिथेच मिळाला. कारखाने बघून झाल्यावर आम्ही एक भाड्याचा ट्रेलर घेऊन मिशिगन सरोवराच्या काठी दोन दिवस गेलो. जवळजवळ नवा होता. पहिल्याच रात्री पाऊस लागला आणि माझ्या कपाळावर थेंब पडला. मग दुसरा. आम्ही पातेलं लावलं. सकाळी भाचा शिडी घेऊन वर चढला. छपराच्या कडेला जो लहान लाल दिवा असतो, त्याच्या वरच्या अंगाला करंगळीएवढी जागा सीलंटविना राहिली होती. बाकी तीन बाजू उत्तम भरलेल्या. कुणीतरी हात फिरवत आला होता आणि तेवढ्यात लाइन हलली होती. भाचा वरूनच म्हणाला, "मामा, हे प्रस्तावनेत लिहू नका." लिहिलं.

हा दोष हातांचा आहे असं कुणी समजू नये. ते हात कुणाचे आहेत, यावरचं प्रकरण या पुस्तकातलं सगळ्यात चांगलं. एल्कहार्ट आणि लाग्रेंज परगण्यांत अमिश लोकांची मोठी वस्ती आहे. हे जुन्या वळणाचे ख्रिस्ती. घरात विजेची लाइन घेत नाहीत, मोटार बाळगत नाहीत, घोडागाडी किंवा सायकलने फिरतात, आपसांत जर्मनची एक बोली बोलतात. मुलं आठवीपर्यंत शिकतात. १९७२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा तो हक्क मान्य केला. शेती सगळ्यांना पुरेना, तेव्हा या पिढ्यान्‌पिढ्यांच्या सुतारांचे हात ट्रेलरच्या कारखान्यांत आले. कारखान्यात ते विजेची हत्यारं चालवतात, कारण ती त्यांच्या मालकीची नाहीत. पहाटे कारखान्याच्या फाटकात सायकलींची रांग, नाहीतर भाड्याच्या व्हॅनमधून उतरणारे दाढीवाले. मोटारीमागे ओढायची घरं बांधणारी ही माणसं, स्वतःच्या दारात मोटार नसलेली. गोशेनच्या बाजूला त्यांच्या जोडीला मेक्सिकोकडून आलेली कुटुंबं आहेत. भाच्याने दोन्ही टोळ्यांच्या डब्यांतली भाकरी खाल्ली आहे, ते त्या पानांवर दिसतं.

या गावाचं नशीब फार वर-खाली होतं. २००९ साली अमेरिकेत सगळ्या मिळून १ लाख ६५ हजारांच्या आसपास आरव्ही कारखान्यांतून बाहेर पडल्या. त्या वर्षीच्या वसंतात एल्कहार्टमध्ये दर पाच जणांत एक बेकार होता. बराक ओबामा अध्यक्ष झाल्यावर तीन आठवड्यांच्या आत इथे आले, ते याच कारणाने. मग २०२१ साली आकडा ६ लाखांवर गेला. करोनात लोकांना हॉटेल नको होतं, विमान नको होतं. माणसं मिळेनात, खिडक्या मिळेनात, फ्रिज मिळेनात. २०२३ साली पुन्हा ३ लाख १३ हजार. पैसा महाग झाला की लोक पहिल्यांदा फिरतं घर घ्यायचं थांबतात. अशा धंद्यात कोण शहाणा यंत्रमानवांत पैसे घालील? माणसाला उद्या घरी बसवता येतं, यंत्राचा हप्ता बसत नाही. कारखान्यांत यंत्रं एवढी कमी का, याचं हे खरं उत्तर आहे आणि ते सुखाचं नाही.

एक काळं पानही भाच्याने टाळलेलं नाही, याबद्दल त्याची पाठ थोपटतो. २००५च्या कतरिना वादळानंतर सरकारने बेघरांसाठी लाखाहून अधिक ट्रेलर आणि फिरती घरं घेतली. सुट्टीत आठवडाभर राहायला बांधलेल्या खोक्यांत माणसं वर्षानुवर्षं राहिली. डोळे चुरचुरू लागले, श्वास कोंडू लागला. सरकारी तपासणीत राहत्या ५१९ घरांची हवा तपासली, तेव्हा फॉर्मॅल्डिहाइड सरासरी एक अब्ज भागांत ७७ भाग निघालं. ते प्लाय आणि पार्टिकल बोर्डाच्या गोंदातून येत होतं. २०१० साली अशा लाकडी मालासाठी देशव्यापी कायदा झाला.

आता माझ्या आवडीचं. ओहायोतल्या जॅक्सन सेंटर या खेड्यात एअरस्ट्रीमचा कारखाना आहे. चंदेरी, फुगीर, विमानाच्या पोटासारखा ट्रेलर. तो घाट हॉली बोलस यांच्या १९३४च्या ट्रेलरवरून आला, आणि बोलस ग्लायडर बनवणारे होते. वैमानिक लिंडबर्गचं विमान बांधणाऱ्या चमूतही ते होते. एअरस्ट्रीमच्या वॉली बायम यांनी १९३६ साली तो घाट धरला, तो आजवर सुटलेला नाही. इथे मला घरी आल्यासारखं झालं. आधी कवच. ॲल्युमिनियमचे पत्रे बरगड्यांवर रिव्हेटने जोडतात. एक माणूस बाहेर रिव्हेटगन घेऊन, दुसरा आत पोलादी ठोकळा टेकवून. दोघे एकमेकांना बघू शकत नाहीत, हाताच्या धक्क्यावरून समजून घेतात. दापोडीत आम्ही हेच करायचो. कवच पुरं झालं की मग ओटा, पलंग, गाद्या, सगळं त्या अरुंद दारातून आत जातं, म्हणून प्रत्येक वस्तू दाराच्या मापाने आखलेली. वेळ जास्त, किंमत फारच जास्त. पण दहा वर्षांनी ओटा बदलायचा झाला तर तो ज्या दाराने आला त्याच दाराने बाहेर जातो. भाच्याने या पद्धतीला चारच पानं दिली आहेत. कमी आहेत.

आपल्याकडे या विषयाचा काय उपयोग, असं कुणी विचारील. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. अशा गाड्यांच्या सुरक्षेचं एआयएस-१२४ हे मानक देशात आहे, आणि गाड्यांची चाचणी घेणारी एआरएआय ही संस्था पुण्यातलीच. गाड्या मात्र अजून तयार व्हॅन किंवा बसच्या पोटात, एकेक करून बांधल्या जातात. म्हणजे आपण, नकळत, एअरस्ट्रीमच्या बाजूचे आहोत. उद्या कुणी चाकणला लाइन टाकून दिवसाला वीस बांधू लागला, तर त्याने हे पुस्तक आधी वाचावं आणि कोकणातला पाऊस डोळ्यांसमोर ठेवून वाचावं. इंडियानाच्या पावसाला पुरलेलं सीलंट आंबोलीच्या पावसाला पुरेल, असं मला वाटत नाही.

वाचकाला एक विनंती. पुस्तक संपवून तुम्ही कधी अशी गाडी विकत किंवा भाड्याने घ्यायला गेलात, तर विक्रेता आधी गाद्या दाखवील, टीव्ही दाखवील, भिंत बाहेर सरकवून दिवाणखाना मोठा करून दाखवील. बघा, कौतुक करा. मग शिडी मागा, वर चढा आणि छपराच्या कडेच्या दिव्यांभोवती बोट फिरवा. चारी बाजूंनी.